शेवटच्या चारीपासून सुरुवात: ओझरचे समाज परिवर्तन केंद्र आणि वाघाडच्या पाणीवापर संस्था

नाशिक शहरातून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात ओझर लागते. विमान कारखान्यामुळे ‘ओझर मिग’ म्हणून राज्यभर ठाऊक असलेल्या या गावाची सिंचनक्षेत्रातली ओळख वेगळी आहे. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर बांधलेल्या वाघाड धरणाचा उजवा कालवा चाळीस किलोमीटरहून अधिक अंतर कापत येतो आणि त्याच्या अगदी शेवटच्या भागात निफाड तालुक्यातील ओझर परिसराच्या जमिनी येतात. धरणाचा उपयुक्त साठा २,३०२ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ६५ दशलक्ष घनमीटर. शेजारच्या करंजवण धरणाच्या तुलनेत तो निम्म्याहूनही कमी भरतो. अशा मध्यम प्रकल्पाच्या टोकाला जमीन असणे म्हणजे कागदोपत्री लाभधारक आणि प्रत्यक्षात कोरडवाहू असणे, हा अनुभव ओझरच्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात घेतला.

या परिस्थितीत समाज परिवर्तन केंद्र या ओझरमधील स्वयंसेवी संस्थेने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, १९९०-९१च्या सुमारास तीन सहकारी पाणीवापर संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. पुढे वाघाडच्या संपूर्ण लाभक्षेत्रात अशा २४ संस्था झाल्या, त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला आणि कालव्यांच्या पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. एका संपूर्ण प्रकल्पाचे सिंचन व्यवस्थापन लाभधारकांनीच सांभाळण्याचा राज्यातील हा पहिला प्रयोग. त्याविषयी अभियंत्यांनी आणि जलव्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखात मात्र पाण्याच्या आडून एक वेगळा प्रश्न तपासायचा आहे. गावातील तरुणांना आणि स्थानिक पुढाऱ्यांना ‘प्रेरित करणे’ हे अनेक संस्थांच्या उद्दिष्टपत्रात पहिल्या ओळीत असते. ते काम प्रत्यक्षात कोणत्या कृतींनी बनलेले असते, हे वाघाडइतके स्पष्ट दाखवणारे उदाहरण माझ्या माहितीत नाशिक जिल्ह्यात दुसरे नाही.

पाणी शेवटपर्यंत का पोहोचत नव्हते

त्या काळी कालव्याचे पाणी शेजपाळी पद्धतीने मिळत असे. शेतकऱ्याने हंगामापूर्वी नमुना क्रमांक ७ भरून पाणी अर्ज द्यायचा, पाटबंधारे विभागाने मंजुरी द्यायची आणि आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची फेरी, सुरू झाल्यावर ठरलेल्या क्रमाने पाळी यायची. नियमानुसार हा क्रम टेलकडून (कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून) हेडकडे (धरणाजवळच्या तोंडाकडे) असायला हवा होता. म्हणजे कागदावर व्यवस्था न्याय्य होती, आणि म्हणूनच तक्रार करणाऱ्याला नियमाविरुद्ध बोट दाखवता येत नव्हते. दोष अंमलबजावणीत होता आणि त्याहूनही अधिक आकारणीच्या पद्धतीत होता. पाणीपट्टी पिकानुसार आणि क्षेत्रानुसार घेतली जाई. एक हेक्टर गव्हाला शेतकऱ्याने किती पाणी घेतले, यावर त्याची पट्टी अवलंबून नव्हती. धरणाजवळच्या शेतकऱ्याने वाफे तुडुंब भरले, रात्रभर पाणी नाल्यात सोडून दिले, तरी त्याच्या खिशाला झळ बसत नसे. त्यात कालव्यात डोंगळे (चोरून पाणी ओढणारे पाइप) टाकून होणारा उपसा, गाळाने आणि झुडपांनी भरलेल्या चाऱ्या (कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारे छोटे पाट), तुटलेले दरवाजे आणि मैलोन्मैल कालव्यासाठी नेमलेले मोजके कर्मचारी यांची भर पडली. पाणी मोजले जात नसल्यामुळे ते नेमके कुठे मुरते, हे कोणालाच सिद्ध करता येत नव्हते. टेलचा शेतकरी म्हणे, वरचे पाणी पळवतात. वरचा म्हणे, खात्याने पाणीच कमी सोडले. खाते म्हणे, गळती आहे. तिघांचेही म्हणणे अंशतः खरे होते आणि कोणाचेही खोडून काढता येत नव्हते.

अशा वेळी टेलच्या शेतकऱ्यापुढे तीन मार्ग उरत. पहिला, विहीर आणखी खोल करणे. दुसरा, आमदारांचे किंवा कारखान्याच्या संचालकांचे पत्र नेऊन एखादी पाळी सोडवून आणणे. तिसरा, आंदोलन. या तिसऱ्या मार्गाची निफाड-दिंडोरी पट्ट्याला चांगली सवय होती. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८० साली झालेल्या ऊस-कांदा आंदोलनाने नाशिक जिल्ह्यातील रस्ते आणि रेल्वे रोखून दाखवली होती, आणि गावोगावचा तरुण त्या आंदोलनातून संघटित शक्तीचा अर्थ शिकला होता. त्याच संघटनेचे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन १९८६ साली चांदवडला भरले. तेव्हा या भागातील तरुणांना कोणी जागे करण्याची गरज होती, असे समजणे चुकीचे ठरेल. त्यांच्यात जोम होता, व्यवस्थेविषयीचा राग होता, भाषण करता येत होते. कालव्यातून सेकंदाला किती पाणी जाते, आपल्या वाट्याचे किती आणि ते मोजायचे कसे, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. समाज परिवर्तन केंद्राने हात घातला तो या ठिकाणी.

एक्कावन्न टक्क्यांची अट

राज्यात तोपर्यंत दोन प्रयोग चर्चेत होते. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत माणशी पाणीवाटपाचे तत्त्व मांडत होती. दुसरीकडे नगर जिल्ह्यात मुळा प्रकल्पाच्या एका चारीवर चांदा येथे श्री दत्त पाणीवापर संस्था उभी राहिली होती आणि तिला पुण्यातील तज्ज्ञांचे पाठबळ होते. याच तज्ज्ञमंडळींपैकी काहींनी पुढे १९९१ मध्ये पुण्यात सोपेकॉम ही संस्था स्थापन केली आणि ओझरच्या प्रयोगालाही तांत्रिक मार्गदर्शन दिले. समाज परिवर्तन केंद्राकडे स्वतःचे अभियंते नव्हते, आणि आपल्याला सारे कळते असा आवही तिने आणला नाही. तांत्रिक ज्ञान पुण्याहून, अधिकार पाटबंधारे विभागाकडून आणि निर्णय गावाकडून, असे तिघांचे काम वेगळे ठेवून त्यांच्यातला दुवा होण्याची भूमिका तिने घेतली. ही भूमिका निवडणे सोपे वाटते. प्रत्यक्षात फार थोड्या संस्था तेवढ्यावर थांबतात.

त्या वेळी पाणीवापर संस्थांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदणी करावी लागे आणि त्यासाठी लाभक्षेत्रातील किमान ५१ टक्के लोक सभासद व्हावे लागत. ही अट त्रासदायक होती, पण माझ्या मते ओझरच्या यशाचे मूळ तिच्यातच आहे. निम्म्याहून अधिक खातेदार गोळा करायचे तर घरोघर जावे लागते, एकाच घरात दोन-तीनदा जावे लागते आणि दरवेळी एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागते: पाणीच येत नाही, तर संस्था कशाची काढायची? या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. संस्था झाली तर खात्याशी करार होईल, करारात पाण्याचा कोटा लिहिला जाईल, कोटा मोजून घेता येईल आणि तो मिळाला नाही तर जाब विचारायला हातात कागद असेल, ही चार पायऱ्यांची साखळी एकेका ओट्यावर बसून समजावून सांगावी लागते. ज्या तरुणांनी हे काम केले, त्यांना ती साखळी दुसऱ्याला पटवता पटवता स्वतःला पक्की कळली. प्रशिक्षण शिबिरात हे साधत नाही, असे मला ठामपणे वाटते.

नोंदणीच्या या खटपटीत स्थानिक पुढाऱ्यांचा प्रश्न नाजूक होता. पाणी सोडवून आणणे हे गावपुढाऱ्याच्या वजनाचे एक मोठे साधन असते. पाणी मोजून आणि ठरलेल्या दिवशी मिळू लागले, तर पत्र आणणाऱ्याची गरज संपते. मग त्याने या व्यवस्थेला साथ का द्यावी? निफाड-दिंडोरीत याचे उत्तर सहकाराच्या परंपरेत सापडते. विकास सोसायटी, दूध संस्था, साखर कारखाना यांमुळे सर्वसाधारण सभा, ठराव, लेखापरीक्षण, थकबाकीदार हे शब्द या भागातील शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत. अध्यक्षपद, संचालकपद याला प्रतिष्ठा आहे. केंद्राने पुढाऱ्यांना दूर ठेवले नाही आणि संस्था त्यांच्या हवालीही केली नाही. ज्याला वजन हवे होते, त्याला ते उघड्या सभेत, हिशेब देऊन मिळवण्याची जागा उपलब्ध झाली.

आणखी एक गोष्ट रचनेत आपोआप आली आणि ती फार मोलाची ठरली. पाणीवापर संस्थेची हद्द ग्रामपंचायतीच्या शिवेनुसार ठरत नाही, ती चारीनुसार ठरते. एका चारीवर दोन गावांच्या जमिनी असतील तर दोन्ही गावांचे लोक एका संस्थेत येतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत समोरासमोर उभे राहिलेले दोन गट एकाच दरवाज्याच्या पाण्यावर अवलंबून असतात. भाऊबंदकी, पक्ष, जात यांच्या रेषा चारीच्या रेषेशी जुळत नाहीत. त्यामुळे कोणत्याही एका गटाला संस्था आपली म्हणून चालवता येत नाही.

मोजपट्टी आणि नोंदवही

करार झाला की चारीच्या तोंडाशी प्रवाहमापक बसतो. कालव्याच्या पात्रात बांधलेला तो एक अरुंद गळा असतो आणि त्याच्या बाजूला सेंटिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी. पाणी गळ्यातून जाताना पट्टीवर किती उंचीला टेकते ते वाचायचे, तक्त्यात पाहायचे आणि प्रवाह किती हे लिहायचे. पाळी सुरू असेपर्यंत हे वाचन ठरलेल्या वेळांना होते, आणि खात्याचा माणूस व संस्थेचा माणूस दोघांच्या साक्षीने झाले तर वाद उरत नाही.

या साध्या कामात केवढा अर्थ दडला आहे, हे आकड्यांतून दिसते. एक क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, प्रवाह चोवीस तास चालला तर सुमारे २,४४७ घनमीटर पाणी जाते. एका हेक्टरला सात सेंटिमीटरची पाळी द्यायची तर ७०० घनमीटर लागतात. म्हणजे एका क्युसेकवर दिवसभरात साडेतीन हेक्टरच्या आसपास भिजायला हवेत. दोनच हेक्टर भिजले असतील, तर उरलेले पाणी कुठे गेले हे त्याच संध्याकाळी शोधता येते. तसेच अशा मापकात प्रवाह उंचीच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, तर १.५ या घाताने, म्हणजे उंचीपेक्षा वेगाने वाढतो. पट्टीवर २० ऐवजी २२ सेंटिमीटर दिसले तर उंची दहा टक्क्यांनी वाढलेली असते, पाणी मात्र सुमारे पंधरा टक्क्यांनी. दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे वाचले गेले की संस्थेच्या कोट्यातून आणि सभासदांच्या पैशातून तेवढी वजावट होते. एकदा हे लक्षात आले की मोजपट्टीवर साचलेले शेवाळ खरवडून काढण्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजलेल्या पाण्यानुसार, पट्टी भरायला लागल्यावर शेतातले वागणेही बदलले. पीक कोणते घ्यायचे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला मिळाले, कारण संस्थेला पाणी मोजून मिळत होते आणि त्याचा उपयोग कशासाठी करायचा हे सभासद ठरवत होते. वाटप खरोखरच टेलकडून हेडकडे होऊ लागले. रात्रीची पाळी वाया घालवणे परवडेनासे झाले. थोड्या पाण्यात अधिक पैसे देणाऱ्या द्राक्षे आणि भाजीपाल्याकडे या भागाचा कल होताच. पाण्याची खात्री वाढली तशी द्राक्षबागेसारखी अनेक वर्षांची गुंतवणूक करण्याचे धाडस टेलच्या शेतकऱ्यालाही करता आले. ज्या बागेला उन्हाळ्यातल्या एका चुकलेल्या पाळीने धक्का बसू शकतो, ती बाग ‘बहुधा पाणी येईल’ या भरवशावर कोणी लावत नाही.

तरुणांच्या दृष्टीने पाहिले तर संस्थेचा सचिव, पाणी वाटणारा पाटकरी, मोजणी करणारा आणि वसुलीची पावती फाडणारा ही सारी कामे गावातच निर्माण झाली. पगार फार नाही, पण अधिकार खरा. वयाने मोठ्या, जमिनीने मोठ्या, कदाचित नात्याने काका असलेल्या माणसाला ‘तुमची वेळ संपली, दरवाजा बंद करतो’ असे सांगण्याची जबाबदारी जेव्हा गावातीलच एका तरुणावर येते, तेव्हा त्याच्या पाठीशी सभेचा ठराव आणि नोंदवहीतली वेळ एवढेच असते, आणि ते पुरते हे त्याला कळते. नेतृत्वविकास या शब्दाखाली जे काही शिकवले जाते, त्यातले बरेचसे या एका वाक्याच्या उच्चारात सामावलेले आहे.

विहिरींचे पाणी कोणाचे

ओझरच्या संस्थांचा सर्वांत कल्पक निर्णय विहिरींविषयीचा होता. बाणगंगा नदी आणि तिला मिळणारे नाले या परिसरातून वाहतात. संस्थांनी कालव्याच्या कोट्यातील काही पाणी थेट शेतात न नेता या नाल्यांवरील बंधाऱ्यांत सोडले. त्याने आसपासच्या विहिरींची पातळी वाढली आणि दोन आवर्तनांच्या मधल्या कोरड्या आठवड्यांत, जेव्हा कालवा बंद असतो, तेव्हा विहिरीतून पाणी घेता येऊ लागले.

अडचण अशी की बंधाऱ्यातले पाणी जमिनीत शिरले की त्याच्यावर नाव लिहिलेले राहत नाही. कोट्याचे पैसे संस्थेने भरायचे आणि फायदा ज्याची विहीर नाल्याकाठी आहे त्याने घ्यायचा, असे झाले असते तर वर्षभरात भांडण उभे राहिले असते. म्हणून कालव्याच्या पाण्याने भरणाऱ्या विहिरींवर सिंचन करणाऱ्यांकडूनही पाणीपट्टी घेण्याचे संस्थांनी ठरवले. आपल्या विहिरीच्या पाण्याचे पैसे दुसऱ्याला द्यायचे, ही कल्पना आपल्याकडे सहज गळी उतरत नाही. जमीन माझी, विहीर माझी, मग पाणीही माझेच, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती बदलण्यासाठी कायद्याचा धाक नव्हता. कोणत्या बंधाऱ्यात किती पाणी सोडले आणि त्यानंतर कोणत्या विहिरी वाढल्या हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि शेजाऱ्यांनी मिळून घेतलेला ठराव होता, एवढ्याच आधारावर ते घडले. पुस्तकी भाषेत भूपृष्ठ आणि भूजल यांचा संयुक्त वापर म्हणतात तो येथे ठरावाने आणि पावतीने अमलात आला.

याला नाशिक जिल्ह्यातच जुनी पूर्वपीठिका आहे, हेही नोंदवले पाहिजे. मोसम आणि आरम नद्यांच्या काठी, बागलाण भागात, फड पद्धतीने शेकडो वर्षे सामूहिक सिंचन होत आले. बंधारा सर्वांचा, पाटाची दुरुस्ती सर्वांची, एका फडात एकच पीक आणि पाणी देणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे शेतकऱ्यांनी पाणी सांभाळणे ही बाहेरून आणलेली कल्पना नाही. सरकारी कालवे आले तेव्हा तिची गरज उरली नाही असे मानले गेले.

तीनांचे चोवीस

पहिल्या तीन संस्थांना पाणी मिळू लागले तसा एक नवा ताण दिसू लागला. टेलच्या संस्थांना त्यांचा कोटा मिळायचा तर हेडच्या आणि मधल्या भागातील पाणीही मोजले गेले पाहिजे. कालव्याच्या वरच्या भागात जुनीच पद्धत आणि खाली नवी, हे फार काळ टिकणारे नव्हते. म्हणून ओझरचे काम वरच्या बाजूला, दिंडोरी तालुक्यातील गावांकडे सरकत गेले. ज्या शेतकऱ्यांना विनासायास पाणी मिळत होते, त्यांना संस्था काढायला सांगणे हे टेलच्या शेतकऱ्यांना सांगण्यापेक्षा कितीतरी कठीण होते. त्यांना पीकस्वातंत्र्य, निश्चित तारखा आणि दुरुस्त झालेल्या चाऱ्या यांचा लाभ दाखवावा लागला. बापू उपाध्ये यांच्या निधनानंतर भरत कावळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाटचाल पुढे नेली, आणि अखेर २४ संस्थांचा प्रकल्पस्तरीय संघ आकाराला आला. धरणाची मालकी आणि सुरक्षा शासनाकडेच राहिली. कालव्याच्या तोंडाशी पाणी मोजून घेणे, ते संस्थांना वाटणे आणि पट्टी गोळा करून शासनाला भरणे ही कामे संघाकडे आली.

दरम्यान राज्याचे धोरणही बदलत होते. २००५ साली महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम आला. त्यानुसार लाभक्षेत्रातील प्रत्येक धारक आपोआप सभासद होतो. संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधित्व मिळते आणि अध्यक्षपद या भागांत फिरते राहते. टेलच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद फार महत्त्वाची आहे, आणि तिच्यामागे ओझरसारख्या ठिकाणांचा अनुभव होता. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्यात जलक्षेत्र सुधारणा प्रकल्प सुरू झाला आणि कालव्यांच्या दुरुस्तीबरोबर शेकडो नव्या संस्था नोंदल्या गेल्या.

त्यांतल्या अनेक कागदावरच राहिल्या. मला यातून जो अर्थ दिसतो तो स्वयंसेवी क्षेत्रातील प्रत्येकाने गांभीर्याने घ्यावा असा आहे. कायद्याने सभासदत्व आपोआप दिले, तेव्हा ५१ टक्के लोकांना गाठण्याची गरज राहिली नाही. आणि गाठण्याची गरज राहिली नाही, तेव्हा ती साखळी एकमेकांना समजावून सांगणारी माणसेही तयार झाली नाहीत. फलक लागला, शिक्का तयार झाला, संचालकांची नावे गेली, पण मोजपट्टी कोणी वाचली नाही. ओझरला आधी माणसे तयार झाली आणि संस्था त्यांच्या मागून आली. हा क्रम उलटला की पैसा, कायदा आणि सिमेंट तिन्ही असूनही फारसे काही घडत नाही.

अजून सुटायचे आहे ते

या प्रकरणाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादा झाकणे योग्य नाही. पहिली मर्यादा स्त्रियांची. सभासदत्व जमिनीच्या नावावर असते, आणि सातबारावर बाईचे नाव क्वचितच असते. राज्यात १९९२च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा उपक्रम झाला, अनेक घरांत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर चढले, तरी चित्र मुळापासून पालटले नाही. संचालक मंडळात स्त्रियांसाठी तरतूद असली तरी सभासदांच्या यादीतच त्या थोड्या असतील, तर राखीव जागेवर येणारी बाई कोणाच्या वतीने बोलणार? द्राक्षबागेत छाटणीपासून विरळणीपर्यंतचे कष्ट ज्या करतात, त्या पाण्याच्या सभेत नाहीत. भूमिहीन मजूर तर या चौकटीच्या पूर्ण बाहेर आहेत. पाणी पंचायतीने माणशी पाण्याचे तत्त्व मांडले होते. वाघाडने जमिनीशी जोडलेला हक्क स्वीकारला. व्यवहार म्हणून ते समजते, पण समाज परिवर्तन हे शब्द नावात असलेल्या संस्थेच्या वारसांनी हा प्रश्न पुन्हा उघडायला हवा.

दुसरा प्रश्न बदलत्या शेतीचा. आज या भागात ठिबक आणि शेततळी सर्वत्र दिसतात. आवर्तन आले की शेततळे भरून घ्यायचे आणि नंतर महिनाभर आपल्या सोयीने वापरायचे, ही पद्धत रूढ होते आहे. ठिबकमुळे पाण्याची बचत होते यात शंका नाही. परंतु ज्याच्याकडे अस्तरीकरण केलेले मोठे तळे बांधण्याइतका पैसा आहे, तो सामूहिक पाळीवर पूर्वीसारखा अवलंबून राहत नाही, आणि जो अवलंबून नाही तो सभेला येत नाही. पाण्याची टंचाई माणसांना एकत्र आणत होती. खाजगी साठवण त्यांना पुन्हा आपापल्या बांधावर पाठवते आहे. शेततळ्यात घेतलेले पाणी मोजायचे कसे आणि त्याची आकारणी कोणत्या दराने करायची, याचा निर्णय संस्थांना विहिरींच्या वेळी घेतला तितक्याच धाडसाने घ्यावा लागेल.

तिसरा प्रश्न धरणाबाहेरचा. गोदावरी खोऱ्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व लागू आहे, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पुरेसा साठा नसेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४चा आदेश आहे. पिण्याच्या आणि उद्योगांच्या पाण्याची मागणीही वाढती आहे. आपल्या चारीच्या टोकाला न्याय मिळावा म्हणून लढलेल्या शेतकऱ्यांना, खोऱ्याच्या पातळीवर मराठवाडा हा टेल आहे हे मान्य करणे जड जाते. नाशिकमध्ये या विषयावर बोलणे लोकप्रिय नाही. तरीही मला वाटते की टेलचा न्याय ज्यांना स्वतःच्या अनुभवातून कळला आहे, त्यांनीच या वादात मोजमापाची भाषा आणली पाहिजे. वाद घोषणांत अडकला आहे आणि मोजलेल्या पाण्याचा अनेक वर्षांचा हिशेब या शेतकऱ्यांजवळ आहे.

आणि चौथा प्रश्न पुढच्या पिढीचा. संस्था काढणारी मंडळी आता साठी-सत्तरीत आहेत किंवा हयात नाहीत. त्यांच्या मुलांना पाणी येत नव्हते तो काळ आठवत नाही. ज्यांना शेतीतच राहायचे आहे, त्यांना निर्यात, प्रतवारी, शीतगृहे यांत अधिक रस आहे, आणि दिंडोरी तालुक्यातच मोहाडी येथे उभी राहिलेली सह्याद्री शेतकरी उत्पादक कंपनी त्यांना जवळचे आणि आकर्षक उदाहरण वाटते. यात गैर काही नाही. पाणीवापर संस्थांनी या तरुणांना चाळीस वर्षांपूर्वीच्या टंचाईच्या कथा ऐकवून बोलावणे व्यर्थ आहे. मोबाईलवर प्रवाहाची नोंद, उपग्रहचित्रांवरून पिकाखालील क्षेत्राचा अंदाज, पाण्याचा ताळेबंद, शेततळ्यांची आकारणी ही आजची कामे आहेत आणि ती आजच्या तरुणालाच चांगली करता येतील. अट एवढीच की काम देताना त्यासोबत निर्णयाचा अधिकारही द्यावा लागेल. नोंदवही तरुणाकडे आणि सही काकांकडे, असे झाले तर तो दोन हंगाम थांबेल आणि नाशिकला किंवा पुण्याला निघून जाईल.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत आज अनेक संस्था पाण्यावर काम करतात. तेथे कालवे फारसे नाहीत. मुसळधार पाऊस पडूनही डोंगरउतारावरून पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. वाघाडची रचना तेथे जशीच्या तशी नेता येणार नाही. तेथे पिण्याच्या पाण्याचे पंप बसतात, टाक्या बांधल्या जातात, उद्घाटने होतात आणि काही वर्षांत मोटार जळाली की योजना बंद पडते. अशा गावात जाणाऱ्या संस्थेने वाघाडवरून एवढे घ्यावे: पंप बसवण्याआधी निम्म्याहून अधिक घरांकडून वीजबिलाचा आणि दुरुस्तीचा पहिला हप्ता गोळा होईपर्यंत थांबावे, तो गोळा करण्याचे काम गावातील दोन-तीन तरुण-तरुणींकडे द्यावे, आणि पैशाचे खाते त्यांच्याच सहीने उघडावे. बांधकामाला एक वर्ष उशीर झाला तरी चालेल. देणगीदारांना मात्र हा उशीर आधीच समजावून सांगावा लागतो, आणि त्यासाठी संस्थेच्या कार्यकर्त्यांची तयारी बहुधा कमी पडते.